पहिलीच्या वर्गात कोरकू ऐकू येऊ द्या

मा. संपादक,
स. न.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतील आणि मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यातली कितीतरी कोरकू आदिवासी मुले पहिलीच्या वर्गात येऊन गप्प बसतील. त्या गप्प बसण्याबद्दल हे पत्र.

मेळघाटातल्या माझ्या पहिल्याच शाळेत मी एका मुलीच्या नावापुढे ‘अप्रगत’ असा शेरा मारला होता. वर्गात ती तोंडच उघडत नसे. एकदा मधल्या सुट्टीत ती हातपंपाजवळ धाकट्या भावाला अखंड काहीतरी सांगताना दिसली. मला त्यातला एक शब्द कळेना. माझ्या वर्गात तिची रोज हीच गत होत असणार! शेरा खोडला, पण तोवर वर्ष सरत आले होते.

वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी अंदाजाने तरी लागते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नातेच नाही. घरी पाण्याला ‘डा’ म्हणणाऱ्या मुलाने फळ्यावरच्या ‘पाणी’वरून काय ओळखावे? पुढे मी गावातल्या एका आजींना वर्गात बोलावू लागलो. गोष्ट आधी त्या कोरकूत सांगत, मग मी मराठीत. महिनाभरात मागे बसणारी मुले मध्येच बोलू लागली, पुढे काय होणार ते आधीच सांगू लागली.

शक्यतो मातृभाषेतून शिकवावे, असे शिक्षणहक्क कायद्याचे २९वे कलम सांगते. राज्यघटनेचा ३५०-क हा अनुच्छेदही प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या सोयीबद्दलच आहे. मग मेळघाटात नेमणूक झालेल्या शिक्षकाला रुजू होण्याआधी महिनाभर कोरकू शिकवायला काय हरकत आहे? पहिली-दुसरीसाठी गावातलीच कोरकू बोलणारी एखादी व्यक्ती मानधनावर घ्यावी. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामाला जाऊन होळीला परतणाऱ्या मुलांना तर तिची फारच गरज आहे. वर्ग पुढे निघून गेलेला असतो, आणि काय राहून गेले हे विचारण्यापुरतीही मराठी त्यांच्यापाशी नसते.

या गोष्टींना शासनाचा आदेश आणि पैसा लागेल. पण मुलाने प्रश्नाचे उत्तर कोरकूत दिले, तर त्याला न थांबवता वर्गातल्या दुसऱ्या मुलाला ‘हा काय म्हणतोय?’ असे विचारायला कशाचीच वाट पाहावी लागत नाही. नव्याने रुजू होणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी पहिल्या दिवसापासून एवढे करावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, अमरावती