खेळ मणिपुरींचा, नाव साहेबांचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोलकाता पोलो क्लबच्या इतिहासावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. १८६२ साली स्थापन झालेला आणि आजही सुरू असलेला जगातला सर्वांत जुना पोलो क्लब, १८८० पासूनचा एझरा कप, सगळं नीट आलं आहे. पण ‘इंग्रजांनी भारतात पोलो रुजवला’ हे वाक्य काही घशाखाली उतरलं नाही.

मी नोकरी केली ती इंदूरच्या पोलो ग्राउंडवर, वीज कंपनीच्या कचेरीत. तिथं कारखान्यांच्या शेड, ट्रक आणि ट्रान्सफॉर्मर. घोडा औषधालाही नाही. होळकरांच्या या शहरात खेळ म्हटलं की सी. के. नायुडू, पोलो उरला तो पत्त्यापुरता. आमच्यासारख्यांना या खेळाबद्दल कळतं ते पेपरात येईल तेवढंच, म्हणून हा पत्रप्रपंच.

रॉबर्ट स्टुअर्ट आणि जोसेफ शेरर या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कोलकात्याचा क्लब काढला, हे खरंच. त्याआधी १८५९ मध्ये चहामळेवाल्यांना हाताशी धरून आसामातल्या काछार भागात सिलचरचा क्लबही त्यांनीच काढला. पण ते शिकले कुणाकडून? बर्मी आक्रमणात घरदार सोडून काछारात आलेल्या मणिपुरींकडून! ही मंडळी तिथं आपला सगोल कांगजेई, म्हणजे तट्टावर बसून काठीनं चेंडू मारायचा खेळ, खेळत होती, ते बघून साहेबांना चटक लागली. पुढे शेररने मणिपुरी खेळाडूंचा संघ कलकत्त्याला नेऊन खेळवला. लेखात या संघाला एक ओळसुद्धा नाही.

जावई लष्करात असल्यामुळे इंफाळच्या मापल कांगजेईबुंग मैदानावर हा खेळ आम्ही उभयतांनी बघितला आहे. एका बाजूला सात गडी. गोलखांब नाहीत, चेंडू शेवटच्या रेषेपार गेला की गोल. चेंडू बांबूच्या मुळाचा, आणि तो हातात धरून घोडा दौडवला तरी चालतं! तट्टाची पाठ जेमतेम माझ्या छातीपर्यंत. अंगावर रंगीत गोंडे लोंबत होते. सौ.ना वाटलं, पोळ्याच्या बैलासारखं सजवलंय. शेजारच्या आजोबांनी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं की काठीचा मार जनावराला लागू नये म्हणून ते असतात.

साहेबांनी चार गडी ठरवले, मोठे घोडे आणले, लंडनच्या हर्लिंगहॅम क्लबात नियम लिहून काढले. ते श्रेय त्यांना जरूर द्यावं.

पुरवणीत जागा असेल तर इंफाळच्या मैदानावरही एक लेख यावा. चराऊ पाणथळ जागा बुजत चालल्यामुळे मणिपुरी तट्टं घटताहेत, तेही त्यात घ्यावं. फोटो मात्र तट्टाचाच छापा. या वेळचा उंचापुरा घोडा परदेशी वाटला.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी, इंदूर