3 लिटरच्या बटणातून साडेआठ लिटर पाणी जातं, त्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला पाचवा फोन केला. तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे, कमोड तुमचंच आहे, त्यामुळे दोन बटणांचा ड्युअल फ्लश म्हणजे काय हे सांगत बसत नाही. लहान बटणाला 3 लिटर आणि मोठ्याला 6, असं तुम्ही खोक्यावर छापलंय. आमच्याकडे लहान बटणाला साडेआठ जातं आणि मोठ्याला नऊ.

हा अंदाज नाही. टाकीत पाणी सोडणारा अँगल कॉक बंद केला, टाकीत आतून पेन्सिलीने पाण्याच्या पातळीची खूण केली, फ्लश केला आणि लिटरच्या मापाने खुणेपर्यंत परत पाणी भरलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. जुनी 10 लिटरची टाकी पाणी वाचावं म्हणून काढून टाकली आणि तिच्या जागी हे बसवलं.

शिवाय गळती. जिलेबीत घालतात तो केशरी रंग रात्री साडेदहाला टाकीत टाकला आणि कोणी फ्लश करू नका म्हणून घरात बजावलं. पहाटे पाचला भांड्यातलं पाणी केशरी झालं होतं आणि मागच्या बाजूने बोटभर रुंदीचा केशरी ओघळ उतरत होता. आवाज जराही नाही. मोजलं तर तासाला 2 लिटर, म्हणजे दिवसाला 48. माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यात फ्लशसाठी 45. आम्ही घरात चौघं आहोत, पाचव्याचं पाणी तुमची टाकी पितेय.

मार्चमध्ये तुमचा माणूस येऊन गेला. झाकण उचललं, मोबाइलचा उजेड टाकला आणि म्हणाला, टँकरचं पाणी जड आहे, वॉशरवर क्षार बसतात, हे वॉरंटीत बसत नाही. क्षार बसतात, मान्य. पण बसवून महिना झालेला तो वॉशर मी त्याच्यासमोर काढायला लावला. क्षाराचा कणही नव्हता, रबराची कड दुमडलेली होती. आणि क्षारांमुळे लहान बटण साडेआठ लिटर कसं सोडेल? यावर तो काही बोलला नाही. टाकीतली पातळी ठरवणाऱ्या फ्लोटला हातही न लावता गेला.

आता आजचा फोन. स्पीकरवर होता. सासूबाई शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. तुमची हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, घरात वयस्कर कोणी आहे का?" म्हटलं, आहेत. "मग तेच कारण आहे. वयस्कर लोक दोन्ही बटणं एकदम दाबतात. त्यांना नीट शिकवा." मी म्हटलं, मी स्वतः दाबून, स्वतः मोजलंय. त्यावर तिने विचारलं, "पाण्याचं बिल तुम्हाला वेगळं येतं का?" नाही, सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येतं. "मग तुमचं नुकसान काय होतंय, मॅडम?"

1961 साली पानशेत धरण फुटलं तेव्हा सासूबाई बारा वर्षांच्या होत्या. नळ बंद, हौदावरून कळशा भरून आणायच्या. आजही तांदूळ धुतलेलं पाणी त्या कुंडीत ओततात. त्या बाईला पाणी वापरायला शिकवा म्हणून तुम्ही मला सांगता! त्यांनी मेथी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "माझ्यामुळे होतंय का गं हे?" दुपारी बाथरूममधून बाहेर येऊन मला सांगितलं, "लहानच दाबलं हं." तेव्हापासून माझं डोकं शांत झालेलं नाही.

नुकसान काय ते ऐका. माणशी दिवसाला चारदा लहान, एकदा मोठा फ्लश धरला तर चौघांना तुमच्या हिशेबाने 72 लिटर लागायला हवेत. प्रत्यक्षात 172 जातात. वर गळतीचे 48 वेगळेच. म्हणजे रोज जवळजवळ दीडशे लिटर जास्त, सव्वादोन महिन्यांत 10,000 लिटरचा अख्खा टँकर. आम्ही धायरीत राहतो. खडकवासला धरण इतकं जवळ, तरी एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतो आणि त्याचे पैसे सगळ्या 64 घरांत वाटले जातात. मला वेगळं बिल येत नाही म्हणून शेजाऱ्यांचं पाणी मी गटारात सोडायचं का? लहान बटणाला 3 लिटर म्हणून तुम्ही पैसे घेतलेत. साडेआठ जातात.

सोसायटीतल्या सगळ्या जुन्या टाक्या बदलायचं कमिटीच्या मनात आहे. तुमचं नाव मीच सुचवलं होतं, याची मला आता लाज वाटते. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये ही मापं मी सगळ्यांसमोर ठेवणार आहे.

सात दिवसांत अख्खा फ्लश वॉल्व्ह बदलून द्या आणि माझ्यासमोर दोन्ही बटणांचं पाणी मोजून दाखवा. जमत नसेल तर कमोड काढून न्या आणि बसवण्याच्या खर्चासकट पैसे परत करा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि माझ्याकडे पावती, फोटो, मापं सगळं तारखेनिशी आहे.

सासूबाईंची माफीही हवी आहे. ती मला फोनवर नको, जो कोणी येईल त्याने घरी येऊन त्यांच्याकडे मागावी.

तुमची ग्राहक,
धायरी, पुणे