हॅकिंगच्या बातमीत ‘कसे’ हेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संगणक सुरक्षेच्या बातम्या वर्तमानपत्रांत दोनच सुरांत येतात. ‘हॅकर्सचा धुमाकूळ, लाखो संगणक ठप्प’ हा एक, आणि ‘पासवर्ड मजबूत ठेवा, अनोळखी लिंक उघडू नका’ हा दुसरा. नेमके काय बिघडले, कुठल्या आवृत्तीत बिघडले आणि वाचकाने आज काय करायचे, हा मधला भाग गायब असतो. पुरवणीत मात्र जुन्या व्हिडिओ गेमवर भरभरून लिहिले जाते. या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंधच नाही असे धरून चालण्याचा मला मनापासून राग येतो, कारण संगणक कसा फसतो हे समजावून सांगायला जुन्या गेमइतके सोपे साधन दुसरे नाही.

1980 सालचा पॅकमॅन घ्या. त्याची 256 वी पातळी पार करताच येत नाही. पडद्याचा डावा अर्धा भाग नेहमीसारखा दिसतो आणि उजव्या अर्ध्या भागात अक्षरे, आकडे व चित्रांचे तुकडे यांचा नुसता काला होतो. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला आहे आणि एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढेच मावतात. मोजणी शून्यापासून असल्यामुळे 256 व्या पातळीला तो आकडा 255 असतो. पडद्याच्या तळाशी किती फळे दाखवायची हे ठरवताना प्रोग्राम त्यात 1 मिळवतो, आणि 255 अधिक 1 झाले की बाइट परत 0 वर येतो. फळे काढणारा भाग आधी एक फळ काढतो, मग मोजणीतून 1 वजा करतो आणि त्यानंतर शून्य झाले का ते पाहतो. सुरुवातच शून्याने झाली तर वजाबाकी करून 255 येतात आणि सातच्या जागी 256 फळे काढली जातात. फळांची यादी संपली तरी तो थांबत नाही. पुढे मेमरीत जे सापडेल ते फळ समजून पडद्यावर लिहीत सुटतो. पातळी पुरी व्हायला 244 ठिपके खावे लागतात आणि तेवढे ठिपके आता शिल्लकच नसतात.

इथे कोणी हल्ला केलेला नव्हता. पण ठरलेल्या जागेच्या पलीकडे लिहिले जाते हे एकदा कळले, की पलीकडे काय लिहायचे ते आपणच ठरवावे असे कोणाच्या तरी मनात येतेच. 2008 मध्ये निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर तेच घडले. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस’ या गेममध्ये नायकाच्या घोडीला खेळाडू नाव देतो. नाव टाइप करताना लांबीला मर्यादा आहे, पण सेव्ह फाइलमधून तेच नाव वाचताना लांबी तपासलीच जात नाही. मग मुद्दाम भलतेच लांब नाव असलेली सेव्ह फाइल एसडी कार्डावरून कन्सोलमध्ये उतरवायची आणि गेम सुरू करायचा. गेम ते नाव छोट्याशा जागेत उतरवू लागतो, नाव बाहेर सांडते आणि ‘हे काम झाले की कुठे परत जायचे’ हा शेजारीच ठेवलेला पत्ता पुसून टाकते. त्या जागी आता हल्लेखोराने दिलेला पत्ता असतो आणि कन्सोल निमूटपणे तिकडे जाऊन तिथे ठेवलेला प्रोग्राम चालवतो. गेम डिस्कवर छापलेला, त्यामुळे त्यातली चूक दुरुस्त करणे अशक्य होते. निन्टेन्डोला कन्सोलच्या अपडेटमधून अशा सेव्ह फाइली ओळखून पुसण्याच्या मागे लागावे लागले.

घोडीच्या नावाची ही गोष्ट ज्याला कळली त्याला 2 नोव्हेंबर 1988 चा मॉरिस वर्म, म्हणजे नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्रामही कळला. युनिक्स संगणकांवरच्या, वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी 512 बाइट जागा ठेवली होती. वर्मने 536 बाइट पाठवले. मजकूर वाचणारे सी भाषेतले ‘गेट्स’ हे फंक्शन जागा किती आहे हे विचारतच नव्हते. 2011 च्या प्रमाणकात ते सी भाषेतून काढूनच टाकले गेले.

आता 19 जुलै 2024 चा दिवस आठवा. विमानतळांवरचे फलक निळे पडले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज संगणक बंद पडले आणि पहिल्या काही तासांत ‘सायबर हल्ला’ हा शब्द सर्रास वापरला गेला. हल्ला नव्हताच. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीला नव्या नियमांची एक फाइल गेली होती. त्या नियमांत 21 रकाने अपेक्षित होते आणि प्रोग्राम 20 च पुरवत होता. एकविसावा वाचायला तो यादीच्या पलीकडे गेला आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात चालत असल्यामुळे स्वतःबरोबर अख्खा संगणक घेऊन पडला. उपायही दोन ओळींत मावण्यासारखा होता: संगणक सेफ मोडमध्ये सुरू करा, विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइक फोल्डरात जा, 291 क्रमांकाची ती फाइल पुसा आणि संगणक पुन्हा चालू करा. अडचण एकच होती. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर आधी 48 अंकी रिकव्हरी की लागत होती, आणि कित्येक कार्यालयांत ती की ज्या सर्व्हरवर ठेवलेली तो सर्व्हरही बंद पडलेला होता. ही माहिती त्या दिवशी वाचकाच्या खरोखर उपयोगाची होती.

जुन्या गेमवरच्या लेखांबद्दलही एक तक्रार आहे. ‘लहानपणीचे गेम आता संगणकावर खेळा’ असे लिहून लेख संपतो आणि वाचक सर्चमध्ये पहिले जे दिसेल ते उतरवून घेतो. अशा लेखात गेमच्या फाइलचा आकार सांगायलाच हवा, कारण बनावट फाइल ओळखण्याची ती सर्वांत सोपी खूण आहे. निन्टेन्डोच्या आठ बिट कन्सोलवरच्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये प्रोग्राम 32 केबी आणि चित्रे 8 केबी; वर 16 बाइटचे शीर्षक धरून फाइल बरोबर 40,976 बाइटची होते. गेमबॉयवरचा टेट्रिस 32 केबी, मेगा ड्राइव्हवरचा पहिला सॉनिक 512 केबी. सुपर निन्टेन्डोवरचे सर्वांत मोठे गेमही 6 एमबीच्या पुढे जात नाहीत. तेव्हा मारिओ म्हणून 30 एमबीचा ‘इन्स्टॉलर’ आला तर तो मारिओ नाही. झिप फाइलला पासवर्ड असेल तर आणखी सावध व्हावे. अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून तो लावायची पद्धत आहे. आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना दिसली की ती फाइल तिथेच पुसावी, उघडून बघण्याच्या फंदात पडू नये.

विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग मुळातच लपवून ठेवते. ‘मारिओ डॉट एनईएस डॉट ईएक्सई’ अशी फाइल पडद्यावर फक्त ‘मारिओ डॉट एनईएस’ दिसते आणि दोनदा क्लिक केली की प्रोग्राम सुरू होतो. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, मग शो आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ यावर खूण केली की हा खेळ संपतो. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरच्या गेमचे मात्र वेगळे आहे, कारण ते खरोखरच ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच असतात. ते डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्येच चालवावेत. 64 बिट विंडोजवर 16 बिटचा डॉस प्रोग्राम नुसत्या क्लिकने चालूच शकत नाही; चाललाच तर वर कोणीतरी वेगळे वेष्टन चढवले आहे, आणि ते कोणी चढवले हे माहीत हवे. डॉसबॉक्समध्ये गेमसाठी वेगळा फोल्डर करून तेवढाच जोडावा. अख्खा सी ड्राइव्ह जोडला तर आतला प्रोग्राम तिथल्या खऱ्या फाइली बदलू आणि पुसू शकतो.

अस्सल दिसणारी फाइलही निर्धोक असतेच असे नाही. 2016 मध्ये सुरक्षा संशोधक ख्रिस इव्हान्स यांनी निन्टेन्डोच्या गेमचे संगीत असलेल्या एका फाइलने उबंटू लिनक्सच्या जुन्या आवृत्तीचा ताबा मिळवून दाखवला. ते संगीत वाजवायला आतमध्ये जुन्या कन्सोलमधल्या 6502 प्रोसेसरची नक्कल चालत होती आणि त्या नकलेत मेमरीच्या हद्दी नीट तपासलेल्या नव्हत्या. म्हणजे पुन्हा तीच पॅकमॅनची तऱ्हा. म्हणून एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, जुनाट ठेवू नये. सुपर निन्टेन्डोच्या झेडस्नेस या एम्युलेटरची शेवटची आवृत्ती 2007 ची आहे. ती आजही कोणी सुचवत असेल तर आपल्या लेखकाने तरी सुचवू नये. अस्सल अनुभवासाठी जुना विंडोज एक्सपी संगणक वापरायचा असेल तर त्याची नेटवर्कची वायर काढून ठेवावी. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टचे सहाय्य 8 एप्रिल 2014 लाच संपले आहे. आणि गेमची सर्वांत खात्रीची प्रत आपल्याच कार्ट्रिजमधून डम्पर या वाचणाऱ्या उपकरणाने काढलेली.

या सगळ्याचा संबंध जून 2025 मधल्या ‘16 अब्ज पासवर्ड फुटले’ या बातमीशी थेट आहे. ती वाचून गूगल आणि ॲपलच फोडले गेले असा अनेकांचा समज झाला. तसे काही झाले नव्हते. तो मुख्यतः लोकांच्या स्वतःच्या संगणकांतून इन्फोस्टीलर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणाऱ्या प्रोग्रामांनी वेळोवेळी उचललेल्या माहितीचा साठा होता, आणि हे प्रोग्राम फुकटचे क्रॅक केलेले (कुलूप तोडलेले) गेम आणि चीट (गेममध्ये फसवून जिंकवणारे प्रोग्राम) यांच्या आडूनच मोठ्या प्रमाणावर शिरतात. ते पासवर्डबरोबर ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकी, म्हणजे पुन्हा पासवर्ड न विचारता आत सोडणाऱ्या खुणाही नेतात. त्यामुळे ‘ताबडतोब पासवर्ड बदला’ हा सल्ला अर्धवट ठरतो: बाधित संगणकावर बसून नवा पासवर्ड टाकला तर तोही लगेच चोराकडे जातो. आधी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच परत मिळवता येतात. मग ‘सर्व ठिकाणांहून साइन आउट’ करावे, नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहते. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल पत्ता आपलाच आहे ना ते बघावे, द्विस्तरीय पडताळणी लावावी. बाधित संगणकावर विंडोज नव्याने टाकेपर्यंत कुठेही लॉगिन करू नये.

माझी विनंती अशी, की सुरक्षेच्या प्रत्येक बातमीला जोडून छोटी चौकट द्यावी. सॉफ्टवेअरचे नाव, सदोष आवृत्ती, दुरुस्त आवृत्ती, त्रुटीचा सीव्हीई (जगभर वापरला जाणारा ओळख) क्रमांक आणि घरच्या माणसाला काही करायचे आहे की नाही, एवढे पुरे. हे अवघड नाही. डिसेंबर 2021 मधल्या लॉगफोरशेल या त्रुटीसाठी ती अशी झाली असती:

‘सीव्हीई-2021-44228, तीव्रता 10 पैकी 10. लॉगफोरजे हे नोंदी ठेवणारे जावा सॉफ्टवेअर नोंदीतल्या मजकुरात विशिष्ट पत्ता दिसला की तिथून प्रोग्राम आणून चालवते. माइनक्राफ्ट या गेमच्या चॅटमध्ये एक संदेश टाकणेही पुरते. 2.14.1 पर्यंतच्या दुसऱ्या पिढीच्या आवृत्त्या सदोष. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत 1.18.1 मध्ये दुरुस्ती. सर्व्हर चालवणाऱ्यांनी तीच टाकावी. खेळाडूंनी गेम आणि लाँचर (गेम सुरू करणारा प्रोग्राम) पूर्ण बंद करून लाँचर पुन्हा उघडावा, दुरुस्ती आपोआप उतरते. दुसऱ्या कोणी बनवलेला लाँचर असेल तर त्याच्या निर्मात्याने दुरुस्ती जाहीर करेपर्यंत तो उघडू नये.’

आपला,
एक वाचक