डाव्या बाजूची खोली

दादर,
१८ जानेवारी

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. काकूंना क्रूझवर न्यावं का, चार दिवस नुसतं पाणी बघून त्या कंटाळतील का, आणि गोव्यात उतरल्यावर जहाजवाल्यांची सहल घ्यावी की आपली गाडी करावी, असं तू विचारलंयस. फोनवर दोन मिनिटांत सांगून टाकलं असतं. पण आत्याबरोबर काढलेले ते दिवस अजून मनातून उतरलेले नाहीत आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू, हेही कळत नाही.

आत्या तुला काय नव्याने सांगायची! चाळीत तुला आणि मला एकाच ताटात जेवायला वाढणारी तीच. आता ७८ वर्षांची आहे. गुडघे फार दुखतात, ऐकू थोडं कमी येतं, आठवण मात्र लख्ख. १९६६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती वेंगुर्ल्याहून बोटीने भाऊच्या धक्क्याला आली. तेव्हा कोकणातून मुंबईला यायचं म्हणजे बहुतेक बोटीनेच. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. बोट उशिरा, तिन्हीसांजेला आली होती आणि आजोबा, म्हणजे तिचे वडील, कंदील घेऊन वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उभे होते, एवढं तिने आपल्याला लहानपणी अनेकदा सांगितलंय. पुढचं मात्र कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात आजोबा गेले. पावसाळ्यात बोटी बंद. तार आल्यावर ती एस.टी.ने कोल्हापूरवरून निघाली, आंबोली घाटात दरड आलेली, आणि घरी पोचली तेव्हा तिसरा दिवस होता. त्यानंतर गावी गेली ती रस्त्यानेच आणि नंतर रेल्वेने. समुद्राच्या वाटेने ती परत कधी गेली नाही. म्हणून यंदा मी तिला नेलं.

आता खोलीचं सांगतो, कारण तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. मुंबईहून दक्षिणेला जाताना आपला किनारा डाव्या हाताला राहतो. म्हणून खोली डाव्या बाजूची माग, गच्चीची नाही मिळाली तरी खिडकीची. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात, तेही लक्षात ठेव. येताना किनारा उजवीकडे जातो, तेव्हा डेकवर जाऊन बसायचं.

बॅलार्ड पिअरवरून संध्याकाळी निघालो. निघण्याआधी सगळ्यांना लाइफ जॅकेट कसं घालायचं, आपली होडी कुठली, हे दाखवतात. बरेच जण तेव्हा मोबाइलवर होते. आत्याने मात्र जॅकेटचा प्रत्येक पट्टा स्वतः बांधून बघितला. तिच्या पिढीच्या पोटात ‘रामदास’ अजून आहे रे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट ऐन पावसात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आत्याचा जन्म त्यानंतरचा, पण ती भीती तिला घरातूनच मिळालेली. प्राँग्जचा दीपस्तंभ मागे पडला, अंधारात खांदेरीचा दिवा दिसायला लागला, तेव्हा तिने त्या बाजूला बघून हात जोडले. मग बराच वेळ नाक वर करून हुंगत राहिली आणि म्हणाली, “झिला, ह्या बोटीक वासच नाय रे.”

खरंच नव्हता. तिच्या बोटीला तेलाचा, सुक्या मासळीचा, ओकारीचा, आंब्यांच्या पेट्यांचा वास असायचा. डेकवर वळकटी पसरून माणसं एकमेकांच्या पायाशी झोपायची. इथे गालिचे, काचेची लिफ्ट, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी “गुड इव्हनिंग, मॅम” म्हणणारं. ती पहिल्या रात्री अगदी अवघडून गेली होती. जेवणाचं तुला लिहीत नाही, भरपूर असतं, शाकाहारी वेगळं मिळतं, पुरे. रात्रीचे कार्यक्रम फार कर्कश असतात. काकूंना तिकडे नेऊ नकोस.

मंगळवार अख्खा समुद्रात. तू ज्याला घाबरतोयस तो दिवस हा. मला विचारशील तर सगळ्या प्रवासाचं सोनं ह्याच दिवसात होतं.

सकाळी आत्या सहाला उठून गच्चीत गेली आणि तिचा चेहरा पडला. “किनारो खय गेलो?” तिच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असं एकेक बंदर घेत काठाकाठाने जायच्या. हे जहाज खूप बाहेरून जातं. मी डेकवरच्या एका तरुण अधिकाऱ्याला विचारलं. मुलगा रत्नागिरीकडचाच निघाला. त्याने नीट समजावून सांगितलं. किनाऱ्याजवळ मासेमारीची जाळी आणि ट्रॉलर, म्हणून मोठं जहाज लांबूनच काढतात. शिवाय पृथ्वी गोल. पाण्यापासून पंचवीस मीटर उंच उभं राहिलं तरी क्षितिज जेमतेम अठरा किलोमीटरवर असतं, त्यापलीकडचे माड, घरं, वाळू पाण्याच्या फुगवट्याआड जातात. सह्याद्री उंच म्हणून तेवढा दिसतो, तोही जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो तोवर. दुपारी खारा वारा सुटला की धूसर हवेत तो विरघळतो. हे ऐकल्यावर आत्याने मान हलवली आणि म्हणाली, डोंगर दिसतो ना, मग झालं.

आणि मग बंड्या, तिने जे सुरू केलं ते बघायला तू हवा होतास. खोलीतल्या टीव्हीवर एक चॅनेल असतं, त्यात नकाशावर जहाज कुठे आहे ते दाखवतात. किनाऱ्यावर ठळक शहरांचीच नावं होती. मधली आत्याने भरली. माझ्याकडून कागद-पेन घेतलं आणि जहाजाचा ठिपका सरकेल तसं लिहीत गेली. जयगड. रत्नागिरी. मुसाकाजी. जैतापूर. विजयदुर्ग. प्रत्येक नावापुढे एखादं वाक्य. जयगडला एक बाई पोरासकट चढली आणि पोराने आत्याच्या मांडीवर झोप काढली. मुसाकाजीला तासभर कोणी उतरलंच नाही, माणसं ने-आण करणारे पडाव आले नव्हते. विजयदुर्गला किल्ल्याच्या तटाखाली पाणी काळं दिसलं. साठ वर्षांपूर्वीची एकच रात्र, पण तिला बंदरागणिक माहीत. उलट दिशेने केलेला तो प्रवास तिने ह्या कागदावर परत उलटा केला. रात्री ठिपका देवगडच्या समोर आला तेव्हा मला काकूंची आठवण झाली, त्या तिकडच्याच ना. देवगडचा दीपस्तंभ काकूंच्या ओळखीचा असेलच. तू त्या वेळी त्यांना जागं ठेव.

दुपारी मोबाइलची रेंज गेली होती. जहाजावरचं वायफाय महाग, मी घेतलं नाही. सगळ्या दुपारभर आम्ही दोघं गच्चीत बसलो होतो. आजोबांच्या तारेची गोष्ट तिने तेव्हा सांगितली. मी काही बोललो नाही. ती सांगून झाल्यावर तिने आल्याचा तुकडा तोंडात टाकला आणि पाण्याकडे बघत राहिली. घरी एवढा वेळ आम्ही एकमेकांजवळ कधी बसलोय?

बुधवारी पहाटे साडेतीनला त्या रत्नागिरीच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे मी गजर लावला. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप वेगळी असते, त्यावरून खलाशी ओळखतात कुठला ते. डाव्या बाजूला वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा दिवा दिसला. आत्या शाल गुंडाळून कठड्याला धरून उभी होती. थंडी होती, पण आत यायला तयार नाही.

आठला गोव्यात मुरगाव बंदराला लागलो. आता तुझा तिसरा प्रश्न. जहाजाच्या सहलीत जुन्या गोव्याची चर्च, मंगेशी, पणजीत खरेदी असं असतं. तिचा मोठा फायदा एकच : त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. तू स्वतःची गाडी केलीस आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं, आणि त्यात त्यांची चूक नसते. आम्हाला पाचपर्यंत परत यायचं होतं, सहाला सुटणार होतं. मी महाराष्ट्रात चालणाऱ्या परमिटची टॅक्सी घरूनच ठरवून ठेवली होती, कारण आम्हाला वेंगुर्ल्याला जायचं होतं. बंदरावरची चाकांची खुर्ची मात्र वेळेवर आली नाही. आधी कळवूनही पाऊण तास शिडीच्या तोंडाशी उभं ठेवलं, आत्याच्या गुडघ्यांकडे बघून माझा जीव तुटत होता. तू खुर्चीचं आदल्या रात्री पुन्हा एकदा सांग, आणि कोणी सांगितलं त्याचं नाव लिहून ठेव.

झुआरीचा नवा पूल, पणजी, म्हापसा, पेडणे, मग किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा. तिथून बोली बदलली तशी आत्या ड्रायव्हरशी बोलायला लागली. शिरोड्याची मिठागरं आली तेव्हा तिने गाडी थांबवायला सांगितली नाही, फक्त काच खाली केली. १९३० चा मिठाचा सत्याग्रह आजोबांनी लहानपणी बघितलेला, त्याच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या. वेंगुर्ल्याच्या बंदरावर पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते.

धक्का आहे, टेकडीवर दीपस्तंभ आहे, मासेमारीच्या होड्या आहेत. प्रवासी नाहीत. पूर्वी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि धक्क्यावरून पडाव माणसं घेऊन जायचे. बोटीला लागल्यावर पडाव वरखाली व्हायचा आणि खलाशी हाताला धरून वर खेचायचा. आत्याने तो नियम मला तिथे उभं राहून सांगितला : “लाट वर इली की पाय टाकूचो, खाली जाताना नाय.” एवढं म्हणून ती धक्क्याच्या टोकाकडे चालायला लागली. खुर्ची नको म्हणाली. काठी, माझा हात, आणि तिचे ते गुडघे. टोकाच्या थोडं अलीकडे एका जागी थांबली. “हयच,” म्हणाली. “हयच उभे होते.”

मी बाजूला झालो. जाळं विणत बसलेल्या दोघांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा विणायला लागले. ती किती वेळ उभी होती ते मी घड्याळात बघितलं नाही, खरं तर बघायला हवं होतं. नंतर पायऱ्यांपर्यंत गेली आणि म्हणाली, “माका पाण्यात हात घालूचो आसा.” शेवाळ होतं, मी घाबरलो होतो. जाळं विणणाऱ्यांपैकी एक जण न बोलता उठला, दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिला आणि त्याने तिच्या दंडाला धरलं. तिने हात बुडवला, डोळ्यांना लावला. वर आल्यावर त्याला विचारत होती, कोणाचा रे तू. त्याने घराण्याचं नाव सांगितलं, हिने ओळखलं. मग अर्धा तास गेला.

जेवण गाडीतच, पुरी-भाजी. म्हापशाला वाहनांची रांग लागली तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. जहाजाच्या बंदरातल्या एजंटचा नंबर रोजच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, तो मी खिशात ठेवला होता, तूही ठेव. पाचला पंधरा मिनिटं असताना आम्ही शिडीवर होतो.

तू मात्र देवगडचा असा बेत करू नकोस. मुरगावहून जाऊन-येऊन एका दिवसात जमणार नाही. काकूंना घेऊन गोव्यात जहाजाचीच सहल घे, आणि देवगडला नंतर सावकाश रेल्वेने कणकवलीला उतरून जा. काकू कुठल्या बोटीने आल्या होत्या ते मात्र आधी विचार. आत्या ‘चंद्रावती’चं नाव घेते, ‘रोहिणी’चंही. काकूंनी नाव सांगितलं तर मला कळव, आत्याला ऐकायचं आहे.

त्या रात्रीचं एक राहिलं. सहाला सुटलो. मी म्हटलं झोप आता, दमलीस. नऊच्या सुमारास मला उठवून म्हणाली, उजवीकडे चल. डेकवर वारा होता, खुर्च्या दुमडून ठेवलेल्या. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. खूप लांब, पाण्याच्या रेषेवर, खडकांवरचा तो दिवा लागत होता, विझत होता. तिने माझं मनगट धरलं होतं आणि प्रत्येक वेळी हळूच म्हणत होती, “इलो... गेलो... इलो.”

तुझा,
नाना

ता. क. : तिने लिहिलेला बंदरांचा कागद मी जपून ठेवलाय. त्याची झेरॉक्स सोबत पाठवतो. देवगडपुढची जागा काकूंसाठी कोरी सोडली आहे.