सारसांच्या अर्जाबद्दल

गोंदिया

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

शाळेतल्या पोरांना घेऊन सारस पक्ष्यांसाठी काम करायचा तुझा आणि मैत्रिणीचा प्रकल्प, त्यासाठीचा तुमचा अनुदानाचा अर्ज काल रात्री वाचला. तुझ्या आईला फोटो आवडले, मला खर्चाचा तक्ता आवडला नाही. उभा जन्म बँकेत गेला, नजर आधी आकड्यांवरच जाते. रागावू नकोस.

बॅनर, टी-शर्ट आणि 'समारोप सोहळा' यांतच जवळपास निम्मे पैसे गेलेत. शाळेतल्या पोरांना धानाच्या बांधीपर्यंत न्यायच्या गाडीचं भाडं मात्र कुठेच नाही. ते आधी लिही, नाश्ता लिही. दुर्बिणी थोड्या घ्या पण बऱ्या घ्या, आलटूनपालटून बघतील. टी-शर्ट काढूनच टाक.

आणि शेतकरी? अख्ख्या अर्जात तो एकदाच येतो, तोही 'लाभार्थी' म्हणून. अगं, सारस पावसाळ्यात त्याच्याच धानात घरटं करतो, आजूबाजूची रोपं उपटून ढीग रचतो. तेवढं पीक त्याचं गेलं. अंडी सहसा दोन, उबवायला महिनाभर लागतो, आणि नेमकी तेव्हाच निंदण, खत, फवारणी चालू असते. त्या माणसाने मनावर घेतलं तरच पिल्लू बाहेर येतं. म्हणून त्याच्या नुकसानीची छोटीशी रक्कम आणि घरट्यावर लक्ष ठेवणाऱ्या गावातल्या पोराचं मानधन, हे दोन रकाने मला हवेत. आपल्याकडे 'सेवा' संस्थेची मंडळी वर्षानुवर्षं गावकऱ्यांना धरूनच हे काम करत आली आहेत. अर्ज पाठवण्याआधी त्यांना भेट. जूनमधल्या सारस गणनेत मुलांना सोबत नेता येईल का, तेही विचार.

अंडी असताना पोरांना घरट्याजवळ न्यायचं नाही, लांबून बांधावरूनच दाखवायचं. घरट्याची जागा मोबाइलवर कुणाला पाठवायची नाही, अंडी पळवणारेही असतात. विजेच्या तारांमुळे सारस मरतात, तेव्हा बोड्या (लहान तळी) आणि तलावांजवळून तारा कुठे कुठे गेल्यात त्याचा नकाशा पोरांकडून करून घ्या आणि महावितरणच्या कार्यालयात नेऊन द्या. त्याला फारसा खर्चही नाही.

आता पैसे देणारी संस्था परदेशातली आहे, तेव्हा हे नीट वाच. ती रक्कम तुझ्या किंवा मैत्रिणीच्या बचत खात्यात घ्यायची नाही. अशा कामासाठी परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पुढे तुम्हाला देता येत नाही. म्हणजे प्रकल्प त्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर, खर्च तिच्याच हातून, काम तुमचं. हे पटत नसेल तर देशातलंच एखादं अनुदान शोधा, रक्कम कमी असली तरी चालेल. तुमच्या कामाला फार लागतही नाही.

सुधारलेला तक्ता रविवारपर्यंत पाठव. पावत्यांची फाइल कशी लावायची ते घरी आलीस की दाखवतो. आई विचारते आहे, दिवाळीचं तिकीट काढलंस का?

तुझे,
बाबा