आधी नळाला पाणी, मग नखांची तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून महिन्यात शाळा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात, परिपाठाच्या वेळी मुलांना रांगेत उभे करून नखे, केस, दात आणि गणवेश तपासण्याची प्रथा मुंबईतल्या पुष्कळ शाळांत आजही चालू आहे. मी या शहरात ३१ वर्षे शिक्षिका होते आणि त्यांतली सुरुवातीची काही वर्षे ही तपासणी मीही मोठ्या निष्ठेने करीत असे. रोजची अंगस्वच्छता आणि मुलांचा आत्मविश्वास यांचा किती जवळचा संबंध आहे, हे मला त्या तपासणीत माझ्या हातून जी चूक झाली तिच्यामुळे कळले. ती चूक इतरांकडून होऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. एका सोमवारी तिची नखे काळी दिसली म्हणून मी तिचा हात धरून वर केला आणि साऱ्या रांगेला दाखवला. ती काही बोलली नाही. पुढचे चार दिवस ती शाळेत आली नाही, म्हणून पाचव्या दिवशी मी भांडुपच्या टेकडीवरच्या तिच्या घरी गेले. तिथे कळले ते असे : वस्तीत पाणी पहाटे पावणेपाचला येत असे आणि तासाभरात जात असे. आई दोन घरची धुणीभांडी करायला त्याच वेळी बाहेर पडे, त्यामुळे पिंप भरणे आणि रात्रीची भांडी घासणे हे त्या मुलीचे काम होते. घासलेटच्या स्टोव्हवर काळी झालेली पातेली ती रोज पहाटे राखेने लख्ख करीत असे आणि तीच काजळी तिच्या नखांत उरत असे. घर स्वच्छ ठेवणाऱ्या हाताला मी चारचौघांत घाणेरडा ठरवले होते. ती मुलगी पुन्हा शाळेत आली, पण त्या वर्षभरात तिने फळ्याजवळ येऊन गणित सोडवण्याचे टाळले. हात पुढे करण्याची तिची तयारीच उरली नव्हती.

त्यानंतर मी तपासणी बंद केली आणि निरीक्षण करू लागले. वर्गात जी मुले उत्तर येत असूनही हात वर करीत नाहीत, ती सगळीच अभ्यासात कच्ची नसतात. आठवीतला एक मुलगा कायम खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर, दोन्ही कोपरे अंगाशी आवळून बसत असे. पहाटे पेपरची लाइन टाकून, घामाने भिजलेल्या अंगानेच तो थेट शाळेत यायचा. वर्गमित्रांनी त्याला एक नाव ठेवले होते, ते मी इथे लिहिणार नाही. एके दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला पाण्याच्या टाकीमागच्या नळाशी नेले. दप्तरात एक जादा बनियन, छोटा पंचा आणि साबणाची वडी ठेवायला सांगितले आणि शाळा भरण्याआधी दहा मिनिटे येऊन काखा, मान, तोंड आणि पाय साबणाने धुऊन, नीट कोरडे करून, बनियन बदलूनच वर्गात यायचे, एवढे ठरवून दिले. दुसऱ्या कुणाला याचा पत्ता लागू दिला नाही. तीन-चार आठवड्यांनी भूगोलाच्या तासाला त्याने हात वर केला. अगदी सरळ, कोपर न आवळता. उत्तर चुकीचे होते, आणि तरीही माझ्या ३१ वर्षांत मला तो क्षण फार मोलाचा वाटतो.

यामागचे शरीरशास्त्र अवघड नाही, पण ते मुलांना कुणी सांगत नाही. वयात येताना काखेत आणि जांघेत एका वेगळ्या प्रकारच्या घर्मग्रंथी काम करू लागतात. त्यांच्या स्रावाला मुळात फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो स्राव विघटित करतात तेव्हा वास येतो. म्हणजे घाम येणे हा दोष नव्हे, तो अंगावर आणि कपड्यात राहू देणे एवढेच टाळायचे असते. त्यासाठी पाणी आणि साबण हवा, आणि घातलेला कपडा रोज धुवायला हवा, कारण टेरिकॉटचा गणवेश सुतीपेक्षा वास अधिक धरून ठेवतो. तोंडाच्या दुर्गंधीचेही तेच. बहुतेक वेळा ती तोंडातूनच येते, आणि जिभेच्या मागच्या भागावर साचणारा थर त्याचे मोठे कारण असते. सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटे दात घासले आणि जीभ साफ केली, तर बोलताना तोंडापुढे हात धरायची सवय आपोआप जाते. दहा-अकराव्या वर्षी हे सारे आईवडिलांनी किंवा शिक्षकांनी शांतपणे सांगितले, तर तेराव्या वर्षी ते वर्गमित्रांच्या टोमण्यांतून शिकण्याची वेळ मुलांवर येत नाही.

दुर्दैवाने आज हे शिकवण्याचे काम जाहिराती करीत आहेत. आत्मविश्वास फवाऱ्याच्या डब्यात मिळतो, असे त्या मुलांना सांगतात, आणि मग अंघोळ न करता, कालच्याच शर्टावर अर्धा डबा रिकामा करून मुले कॉलेजला जातात. सुगंध वापरायला माझा विरोध नाही. पण तो धुतलेल्या अंगावर वापरायचा असतो, आणि तो नसला तरी काही अडत नाही, हे मुलांना ठाऊक हवे. गोरे दिसणे आणि स्वच्छ असणे यांची जी सरमिसळ आपल्या घरांतूनही होते, तिने तर सावळ्या मुलींचे अतोनात नुकसान केले आहे. रंग धुतला जात नाही आणि तो धुण्याची गोष्टही नाही, हे मी प्रत्येक वर्षी प्रत्येक वर्गात मुद्दाम सांगत आले.

आत्मविश्वास येतो कुठून, याविषयी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार मला अनुभवाने पटला आहे. आपण एखादी गोष्ट करू शकतो हा विश्वास कौतुकाच्या शब्दांपेक्षाही ती गोष्ट प्रत्यक्ष पार पाडल्याच्या अनुभवातून अधिक पक्का होतो, असे त्यांनी म्हटले. ज्या मुलाच्या हातात घरची परिस्थिती नाही, फी नाही, जागा नाही, त्याच्या हातात निदान सकाळचे तोंड धुणे, कापलेली नखे आणि विंचरलेले केस असतात. दिवसातले पहिले काम त्याने स्वतः, कुणी न सांगता, पूर्ण केलेले असते. इतरांना आपला वास येत असेल का, ही धाकधूक संपली की मन समोरच्या फळ्याकडे लागते, हा दुसरा फायदा. गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी धरायला हात उचलतानाही ज्यांना ही धाकधूक वाटते, अशा मोठ्या माणसांनाही मी काय म्हणते ते कळेल.

मात्र हे सारे पाण्याशिवाय बोलणे अन्यायाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच जमलेल्या स्त्रियांपुढे त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीपासून स्वच्छ राहणीपर्यंत रोजच्या गोष्टींविषयी आग्रहाने सांगितले. आधी पाण्याचा हक्क आणि पाठोपाठ राहणीचा आग्रह, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवले गेले. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याच्या वस्तीच्या नावावरून कुणी चिडवते तेव्हा तोच प्रकार पुन्हा घडत असतो.

आपल्या शहरात सात तलावांचे पाणी येते, पण ते सर्वांपर्यंत सारखे पोहोचत नाही. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर, हा फरक निकषांतच वर्षानुवर्षे राहिला आहे. ४५ लिटर म्हणजे १५ लिटरच्या तीन बालद्या, आणि त्यांत पिणे, स्वयंपाक, भांडी, कपडे, संडास आणि अंघोळ हे सारे बसवायचे. शॉवरखाली पाच मिनिटे उभे राहिले तरी साधारण तेवढे पाणी जाते. घर अनधिकृत असले तरी पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. तरीही टेकडीवरच्या वस्त्यांत आजही चावीवाला, म्हणजे वस्तीचे पाणी सोडणारा माणूस, येण्याच्या वेळेवर घरातल्या मुलींची झोप ठरते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांना एकच मोरी, तिलाही दाराऐवजी पडदा, अशा घरातल्या मुलीने सावकाश अंघोळ करावी तरी कधी? म्हणून मी मुलांना एका तांब्याची स्वच्छताही शिकवली. पाणी कमी असेल त्या दिवशी ओल्या पंचाने आणि थोड्या साबणाने काखा, जांघा, मान आणि पाय पुसून काढायचे आणि कोरडे करायचे. केस धुणे दुसऱ्या दिवसावर गेले तरी चालते.

पावसाळ्यात याला आणखी एक अडचण जोडली जाते. दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, मोजे ओले राहतात, आणि जुलै-ऑगस्टपर्यंत निम्म्या वर्गाला खाज सुटलेली असते. नायटा ही लाज वाटण्याची गोष्ट नसून बुरशीचा संसर्ग आहे. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज काही दिवस थांबते आणि नायटा मात्र पसरत जातो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे, घरात एकमेकांचे टॉवेल वापरू नयेत आणि कपडे अर्धवट ओले घालू नयेत, निदान आतले तरी इस्त्रीने कोरडे करावेत.

मुलींविषयी थोडे वेगळे लिहायला हवे. शाळेच्या संडासाला कडी नाही, आत पाणी नाही, म्हणून सकाळपासून पाण्याचा घोटही न घेणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहिल्या, आणि त्यातून होणारी लघवीची जळजळही पाहिली. पाळीच्या दिवसांत पॅड चार ते सहा तासांनी बदलावे असे आपण त्यांना सांगतो, पण ते कुठे बदलायचे आणि वापरलेले कुठे टाकायचे, याचे उत्तर देत नाही. घरी कापड वापरणाऱ्या मुली ते गॅलरीतल्या दोरीवर दुसऱ्या कपड्यांखाली लपवून वाळवतात, त्यामुळे त्याला ऊन लागत नाही आणि ते दमटच राहते. ज्या दिवशी डाग पडेल का ही एकच चिंता मनात असते, त्या दिवशी वर्गात उभे राहून कविता म्हणायला सांगितल्यावर मुलगी मान खाली घालते, आणि आपण तिला बुजरी म्हणतो. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे सांगितली आहेत. त्यांना आतून लागणारी कडी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी असायला हवी, एवढी साधी मागणी पालक सभेत कुणीतरी उभे राहून करायला हवी.

पालकांनी एक गोष्ट मनात ठेवावी. सवय लागायला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एका अभ्यासात, नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. १५ जूनला सुरुवात केली तर हे ६६ दिवस २० ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे गणपतीच्या तयारीच्या दिवसांत भरतात. तोपर्यंत रोज ओरडण्यापेक्षा नखे कापायचा वार एकच ठरवावा, ब्रश हाताशी दिसेल असा ठेवावा आणि मुलाने स्वतःहून केलेले काम आपल्या नजरेला आले आहे, एवढे त्याला कळू द्यावे.

आणि नीटनेटका राहणारा मुलगा किंवा मुलगी एकाएकी अंघोळ टाळू लागली, तेच कपडे चार दिवस घालू लागली, तर त्याला आळस समजू नये. पुष्कळदा ते मनाच्या उदासीनतेचे लक्षण असते. उलट कुणी दिवसातून वीस-वीस वेळा हात धूत असेल आणि तरी समाधान होत नसेल, तर तेही आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी जवळ बसून विचारावे, आणि गरज वाटल्यास शासनाच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

यंदा शाळा उघडताना मुख्याध्यापकांना आणि शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, मुलांची नखे पाहण्याआधी शाळेचा नळ पाहावा. आमच्या शाळेत साबणाची वडी नळाखाली ठेवली की दोन दिवसांत विरघळून गटारात जायची, म्हणून आम्ही ती जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून, गाठ मारून नळाला टांगत असू. मोज्यावरून हात फिरवला की फेस येतो, वडी खाली पडत नाही आणि पुष्कळ दिवस पुरते. वडीचा खर्च आम्ही शिक्षक आळीपाळीने करीत असू, आणि मोजे मुलेच घरून आणत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
भांडुप (पश्चिम), मुंबई