गुण त्याने उधळले, नोंद मात्र माझीच

मा. परिवहन मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

परवा माझ्या खटल्याची अकरावी तारीख होती. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असताना, पांढऱ्या पट्ट्यांवर मला ज्याने उडवलं, त्याच्या वकिलांनी एक जाडसर पाकीट काढलं. आत वाहतूक दंडाच्या नऊ पावत्या. सिग्नल तोडल्याच्या दोन, वेगाच्या तीन, गाडी चालवताना फोनवर बोलल्याच्या चार. वकीलसाहेब म्हणाले, "माझे अशील जबाबदार नागरिक आहेत. प्रत्येक दंड त्यांनी मुदतीत भरला आहे."

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आपणच सभागृहात सांगितलं होतं की सहा महिन्यांत दंडगुण पद्धत लागू होईल, म्हणजे चालकाच्या प्रत्येक चुकीचे गुण परवान्यावर नोंदले जातील आणि ठरावीक हद्द ओलांडली की परवानाच जाईल. बाकं वाजली होती. मी तेव्हा दोन्ही पायांवर उभी होते आणि बातमी वाचून आपलं कौतुक केलं होतं, तेही शिक्षकखोलीत, चारचौघांत. ते शब्द आता परत घेते. अपघातानंतर रुग्णालयातून पाठवलेल्या पत्राला आपल्या कार्यालयाचं एका ओळीचं उत्तर आलं: प्रस्ताव विचाराधीन आहे. सहा महिने केव्हाच उलटले साहेब, विचार अजून चालूच आहे. एवढा खोल विचार तत्त्वज्ञही करत नसतील.

मी मागतेय ते काही आकाशातलं नाही. दंड खिशातून जातो आणि विसरला जातो. गुण परवान्याला चिकटतो. ब्रिटनमध्ये फोन हातात धरून गाडी चालवली की २०१७पासून ६ गुण बसतात आणि तीन वर्षांत १२ झाले की सहसा निदान सहा महिने परवाना जातो. नवख्याचा तर पहिल्या दोन वर्षांत सहालाच रद्द होतो. आमचे जबाबदार नागरिक तिथे फोनच्या दुसऱ्याच पावतीला पायी चालू लागले असते. मी तिसऱ्या नाही, चौथ्या नाही, नवव्या पावतीनंतरची आहे. स्पेनने २००६ साली उलटा हिशेब धरला: चालकाला आधी १२ गुण द्यायचे आणि चुकेल तसे कापत जायचे. इटलीत २००३पासून तेच, फक्त सुरुवात २० पासून. जर्मनीत आठ झाले की परवाना गेला. चढता हिशेब ठेवा नाहीतर उतरता, मला फरक पडत नाही. हिशेब ठेवा म्हणजे झालं.

पैसेवाल्याला दंड हा टोलसारखा असतो, भरला की पुढे जायला मोकळा. त्याच रकमेत दुसऱ्या कुणाच्या घराचा महिना कोलमडतो. गुणांना मात्र श्रीमंती कळत नाही. म्हणूनच तर प्रस्ताव अडला नसेल ना? तिरकस वाटलं तर वाटू दे.

आपले अधिकारी म्हणतील, परिणाम टिकत नाही. ते अर्धं खरं आहे. दोन स्पॅनिश संशोधकांनी २०१२ साली देशोदेशींचे अभ्यास एकत्र तपासले. सुरुवातीला अपघात, जखमी आणि मृत्यू १५ ते २० टक्क्यांनी घटतात आणि दीड वर्षाच्या आत तो जोर ओसरतो. का ओसरतो? पकडणारं कोणी नाही हे चालकाच्या लक्षात आलं की धाक संपतो. मग पकडा ना! औषध अर्धवट घेऊन गुण येत नाही म्हणायचं, त्यातली गत. (ब्रिटनमध्येही 'असाधारण अडचण' सांगून १२ गुणवाले गाडी चालवत राहतात. ती पळवाट तेवढी उचलू नका. आपल्याकडे पहिली तीच उचलली जाईल, याची मला खात्री आहे.)

वाहतूकदार संपावर जातील ही भीती असेल, तर फ्रान्समध्ये १९९२ साली ट्रकवाल्यांनी याच गुणांविरुद्ध महामार्ग रोखले होते. पद्धत आजही चालू आहे.

आता माझं. मांडीत सळई आहे, गुडघ्यात सात स्क्रू. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून मुलं म्हणतात, बाई, तुम्ही सांगा, आम्ही लिहितो. बाहेर ब्रेक करकचला की घरात बसल्या जागी अंग आक्रसतं. विमा कंपनीने माझी चौदा वर्षांपूर्वीची फाइल उकरून काढली, कारण तेव्हा मी जिन्यावरून घसरले होते. गुडघा आधीपासूनच अधू असावा, असा त्यांचा कयास. सवलतीसाठी दरवर्षी खिडकीपुढे उभं राहून मी अजून लंगडतेच हे सिद्ध करायचं. खिडकी दुसऱ्या मजल्यावर आहे.

म्हणजे बघा, माझं घसरणं या व्यवस्थेला चौदा वर्षं आठवतं. त्याच्या नऊ पावत्यांतली एक दुसरीला ओळखत नाही. कॅमेरे बसवले, उद्घाटनं झाली, फिती कापल्या, जमा झालेल्या दंडाचे आकडे आपण अभिमानाने छापता. त्या कमाईत आमचे हे साहेब आपले नियमित गिऱ्हाईक आहेत, मग त्यांचा परवाना कोण कशाला काढेल? जगात वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. २०३०पर्यंत ही संख्या निम्मी करायची, असं संयुक्त राष्ट्रांत ठरलंय. आपल्या खात्याच्या भिंतीवर त्याचंही एखादं पोस्टर असेलच.

पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे. परवा सुनावणी संपल्यावर फाटकाशी मी गाडीची वाट बघत उभी होते. तो पार्किंगमधून स्वतः गाडी चालवत निघाला. फोन कानाला होता.

आपली,
एक शिक्षिका आणि अजूनही पादचारी

ता. क. या पत्राची पोच मिळावी. मागच्या स्मरणपत्राची आलेली नाही.